आजोबांच्या कॅमेऱ्याचा मोतीबिंदू

मनुष्याची पारख करणें कठीण, पण वस्तूची पारख करणें सोपें, असा आपणां सर्वांचा समज असतो. नाणें वाजवून पाहावें, मडकें ठोकून पाहावें, कापड बोटांत चोळून पाहावें, कीं झाली पारख! परंतु एक वस्तु मला अशी ठाऊक आहे, कीं नुसतें तिच्याकडे पाहून तिची पारख होत नाहीं. तिच्यांतून पाहावें लागतें. ती वस्तु म्हणजे कॅमेऱ्याचें भिंग. हा धडा मीं प्रथम पुस्तकांत वाचला नाहीं. तो मीं माझ्या हातानें केलेल्या एका चुकीपासून शिकलों, आणि त्या चुकीची किंमत माझ्या आजोबांच्या कॅमेऱ्याला द्यावी लागली. वार्षिकासाठीं कांहींतरी लिहावें असा आग्रह झाला, तेव्हां याच गोष्टीची आठवण झाली. म्हणून ती जशी घडली तशी सांगतों.

गोष्ट १९८४ सालची आहे. मी तेव्हां नववींत होतों. आजोबा पोस्टांतील नोकरींतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं. तुटपुंज्या पगारांत त्यांनीं आयुष्यांत एकच हौस पुरवून घेतली, ती फोटो काढण्याची. पुण्याच्या जुन्या बाजारांतून ४० रुपयांस घेतलेला एक भात्याचा कॅमेरा त्यांच्यापाशीं होता. मिटला म्हणजे तो एखाद्या जाड पुस्तकासारखा दिसे. खटका दाबला, कीं पुढचें झाकण खालीं पडे, चामड्याचा काळा भाता पुढें सरके, आणि त्याच्या टोकाशीं एक लहानसें भिंग चमके. एका रोलवर फक्त आठ फोटो निघत. पण प्रत्येक फोटो सहा सेंटिमीटर रुंद व नऊ सेंटिमीटर लांब. आमच्या वाड्यांतील बारशीं, मुंजी, लग्नें, सारें कांहीं त्या एका भिंगांतून जाऊन आल्बमांत बसलें होतें.

भिंग चमके असें मीं म्हटलें खरें. परंतु तें स्वच्छ चमकलेलें मला आठवत नाहीं. पावसाळ्यांत रस्त्यावरच्या डबक्यांत रॉकेलचा थेंब पडावा आणि त्यावर निळा-जांभळा रंग पसरावा, तसा एक डाग त्याच्या दर्शनी भागावर होता. सरळ पाहिलें तर तो दिसत नसे; कॅमेरा तिरपा केला कीं लगेच दिसे.

त्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या वेळीं वर्गाचा एक फोटो काढावा असें ठरलें. कॅमेरा कोणाकडे आहे, असें बाईंनीं विचारतांच दोन हात वर झाले. एक माझा, दुसरा एका मित्राचा, ज्याच्या मामांनीं आखातांतून नवा कोरा कॅमेरा आणला होता. त्याच्याकडे रंगमंचावरील कार्यक्रमांचें काम गेलें व वर्गाच्या फोटोचें काम माझ्याकडे आलें. मी मोठ्या अभिमानानें आजोबांचा कॅमेरा शाळेंत नेऊन दाखविला. मुलांनीं तो हाताळला, भाता उघडून मिटून पाहिला, आणि कोणीतरी तो तिरपा धरून ओरडला, "अरे, याच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झाला आहे!" सारा वर्ग हंसला. मीही हंसलों, पण तें हंसणें घरीं येईपर्यंत टिकलें नाहीं.

"आजोबा, या डागाचें कांहीं करतां येणार नाहीं का हो?" मीं विचारलें.

आजोबांच्या उजव्या डोळ्यांत त्या वेळीं खरोखरच मोतीबिंदू पिकला होता, व चारच दिवसांनीं त्याची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. ते म्हणाले, "मोतीबिंदू मला झाला आहे रे, त्याला नव्हे. माझ्याकडे आला तेव्हांपासून त्याची नजर आहे तशीच आहे."

"पण डाग दिसतो ना!"

"डाग तुला दिसतो. फोटोंत दिसतो का?"

या प्रश्नाचें उत्तर शोधणें कांहीं अवघड नव्हतें. आल्बम कपाटांतच होता. परंतु मी तो उघडला नाहीं. वर्गांतील हंसणें माझ्या कानांत इतकें भरलें होतें, कीं डोळ्यांना काम देण्याचें मला सुचलें नाहीं.

रुग्णालयांत जाण्याच्या सकाळीं आजोबांनीं कॅमेऱ्यांत नवा रोल भरला. उटीच्या कारखान्यांत त्या काळीं तयार होणारी ती 'इंदु' फिल्म होती. मग ते दिंडीदरवाज्याच्या उंबऱ्यावर बसले आणि मला म्हणाले, "माझे चार फोटो घे पाहूं. डोळा उघडल्यावर पहिल्यानें हेंच पाहीन." त्यांच्या पाठीमागून अंगणांतलें कोंवळें ऊन येत होतें. मीं पावलांनीं अंतर मोजलें, त्यांनीं सांगितल्याप्रमाणें आंकडे जुळविले आणि चार वेळां खटका दाबला. उरलेले चार फोटो वर्गासाठीं होते.

त्याच रात्रीं मीं तें कृत्य केलें. आई-बाबा आजोबांपाशीं होते. आजी देवाजवळ बसली होती. रोल आंत असल्यामुळें कॅमेरा उघडणें शक्य नव्हतें. पण डाग बाहेरच्याच बाजूस होता. मीं पांढरें दंतमंजन घेतलें, जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यावर टाकलें, आणि पितळेचें भांडें घांसावें तसें तें भिंग पाव तास गोल गोल घांसलें. डाग गेला! दिव्यापुढें कॅमेरा तिरपा करून पाहिला. निळें नाहीं, जांभळें नाहीं. आजोबांच्या डोळ्याआधीं कॅमेऱ्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आपण यशस्वी केली, अशा समाधानानें मी झोपलों.

दुसऱ्या दिवशीं शाळेच्या व्हरांड्यापुढें वर्ग तीन रांगांत उभा राहिला. समोरून ऊन आलें तर सर्वांचे डोळे मिचकतात, म्हणून उन्हाकडे पाठ करण्यास मींच सांगितलें. चार फोटो घेऊन रोल गांवांतल्या फोटोवाल्या काकांकडे दिला.

चार दिवसांनीं काकांनीं आठही प्रती आपल्या कांचेच्या टेबलावर मांडल्या. पहिल्या चारांत आजोबा होते. कपाळावरची आठी न् आठी, धोतराचा पोत, पाठीमागच्या दरवाज्याची कडी, सारें स्पष्ट. पुढल्या चारांत माझा वर्ग होता. पण चुलीचा धूर भरलेल्या स्वयंपाकघरांतून पाहावें तसा. काळें तें करडें झालें होतें, पांढरें तें पसरलें होतें, आणि मागल्या रांगेंतील मुलें तर ओळखूंही येत नव्हतीं. काकांनीं एकदां प्रतींकडे पाहिलें, एकदां माझ्याकडे. "बाळ, एकाच रोलवर दोन कॅमेरे वापरलेस कीं काय?"

एकच कॅमेरा, एकच रोल, एकाच द्रावणांत एकाच वेळीं धुतलेली फिल्म, आणि दोन्ही वेळां पाठीमागून आलेलें ऊन. मध्यें बदललें होतें तें एकच. आणि तें मीं बदललें होतें.

मी कॅमेरा घेऊन विज्ञानाच्या सरांकडे गेलों व सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं सूक्ष्मदर्शकाची वरची नळी काढून तिच्यांतून भिंग निरखलें आणि मला दाखविलें. रोज घांसल्या जाणाऱ्या ताटावर असतात तसे शेंकडों बारीक, गोल ओरखडे त्यावर पडले होते. सर रागावले नाहींत. ते म्हणाले, "रात्रीं खोलींत दिवा असला म्हणजे खिडकीच्या तावदानांत तो दिसतो ना? याचा अर्थ, जी कांच आपणांस आरपार वाटते, तीही थोडा प्रकाश परत पाठविते. कांचेच्या एका पृष्ठभागावर प्रकाशाचे १०० भाग पडले, तर सुमारें ४ भाग उलट फिरतात. या कॅमेऱ्यांत तीन भिंगें आहेत. म्हणजे पृष्ठभाग सहा. आतां हिशेब तूंच कर."

मीं हिशेब केला. सहा वेळां असें झालें म्हणजे १०० पैकीं जेमतेम ७८ भाग पार जातात. शिवाय उलट फिरलेला प्रकाश गुपचूप बसत नाहीं. तो भिंगाभिंगांत आदळत राहतो आणि त्यांतला कांहीं भाग फिल्मवर नको तेथें पडून चित्र फिकें करतो. त्यांत ओरखड्यांची भर पडली, कीं पाठीमागून येणारें ऊन त्या प्रत्येक ओरखड्यावर विखुरतें. माझ्या फोटोंतील धूर तो हाच. "आणि त्या डागाचें काय, सर?" मीं विचारलें. ते म्हणाले, "तें तूं शोधून काढ. मोठ्या ग्रंथालयांत गेलास म्हणजे सांपडेल."

तें सांपडावयास मला महाविद्यालयांत जावें लागलें. इंग्लंडांतील यॉर्क शहरीं कुक नांवाची दुर्बिणी तयार करणारी एक कंपनी होती. तिच्यांत हॅरॉल्ड डेनिस टेलर नांवाचे एक भिंगशास्त्रज्ञ काम करीत. ते १८६२ सालीं जन्मले व १९४३ सालीं वारले. १८९३ सालीं त्यांनीं कॅमेऱ्यासाठीं फक्त तीन भिंगांची एक रचना सिद्ध केली: बाहेरचीं दोन फुगीर, मधलें एक खोलगट, आणि तिन्हींमध्यें हवा. एका भिंगाचा दोष दुसऱ्यानें काढावा, अशी ती युक्ति होती. यॉर्कच्या कंपनीस दुर्बिणींच्या कामांतून सवड नव्हती. म्हणून लेस्टर शहरांतील दुसऱ्या एका कारखान्यानें तें भिंग तयार करण्याचें काम घेतलें. त्याच्या मालकांचें आडनांवही टेलरच, पण त्यांचा यांच्याशीं कांहीं नातेसंबंध नव्हता! या तीन भिंगांच्या रचनेवरून पुढें जगभर असंख्य साधे व स्वस्त कॅमेरे निघाले. आजोबांचा कॅमेरा त्याच वंशांतला.

परंतु मला खुर्चीवरून उठवणारी गोष्ट पुढेंच होती. जुन्या दुर्बिणींच्या भिंगांवर वर्षानुवर्षें हवा व ओल लागून एक प्रकारचा गंज, म्हणजे निळसर-जांभळी झांक चढते. मालक मंडळींस तिची मोठी काळजी वाटे. भिंग बिघडलें, असें त्यांस वाटे. १८९० नंतरच्या दशकांत टेलर यांनीं अशीं भिंगें तपासलीं, तों असें आढळलें, कीं डागाळलेल्या भिंगांतून नव्या भिंगापेक्षां कमी नव्हे, तर अधिक प्रकाश पार जातो! ज्या डागाबद्दल मालक खेद करीत होते, तो डाग त्यांचा मित्र होता, असें टेलर यांनीं त्यांस लेखी आश्वासन दिलें. मग हा डाग मुद्दाम रसायनांनीं चढवितां येईल काय, याचे प्रयोग त्यांनीं केले व १९०४ सालीं त्याचें पेटंटही घेतलें. मात्र कांचेच्या जातीप्रमाणें परिणाम कमीजास्त होई, म्हणून ती रीत सर्वत्र रुळली नाहीं.

असें कां व्हावें? त्या डागाचा थर फारच पातळ असतो. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील सुमारें एका भागाएवढी जाडी त्याला पुरते. त्याच्या वरच्या बाजूवरून प्रकाशाची एक लहर परत फिरते, व खालच्या बाजूवरून दुसरी. जाडी नेमकी असली, म्हणजे एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींस शमवितात. परतणारा प्रकाश असा कमी झाला, कीं तेवढा अधिक प्रकाश भिंगांतून पुढें जातो. साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात, तेही अशाच दोन लहरींच्या भेटीनें उत्पन्न होतात.

१९३५ सालीं जर्मनींतील येना येथें त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला यांनीं निर्वात पात्रांत भिंगावर असा थर चढविण्याची खात्रीची रीत काढली. तेव्हांपासून निसर्गानें चुकून केलेलें काम माणूस जाणूनबुजून करूं लागला. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरच्या मोबाइल फोनचें भिंग किंवा आईच्या चष्म्याची कांच दिव्याखालीं तिरपी धरून पाहा. पुष्कळदां दिव्याचें प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसेल. तो त्या थराचाच रंग! ज्या रंगासाठीं आज दुकानदार जास्त पैसे मागतो, तोच रंग मीं दंतमंजन लावून फुकट घालविला होता.

येथें सत्यास धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. डागाचा गुण मी आतां वाढवून सांगूं लागलों, तर तीही एक चूकच होईल. सहा पृष्ठभागांपैकीं एकावरच तो डाग होता. त्यानें फार तर १०० पैकीं दोन-तीन भागांचा लाभ होत असेल. आजोबांचे फोटो चांगले येत, याचीं मोठीं कारणें दुसरींच होतीं. ते भिंगाचें तोंड नेहमीं बरेंच लहान करून ठेवीत; त्यामुळें कडेनें येणारे बेशिस्त किरण अडत व चित्र रेखीव होई. शिवाय त्यांची फिल्म मोठी होती. तिजवरून निघालेली प्रत तेवढ्याच आकाराची असल्यामुळें भिंगाचे बारीक दोष मोठे होऊन दिसत नसत. डागानें केलेला लाभ लहान होता; मीं केलेली हानि मात्र मोठी होती.

आजोबा घरीं आले. दीड महिन्यानें त्यांस जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्या दिवशीं त्यांनीं पहिल्यानें ते चार फोटो मागितले. प्रत जवळ नेली, दूर धरली, आणि म्हणाले, "हा म्हातारा कोण बसला आहे आमच्या दारांत?" आम्ही सारे हंसलों. मग त्यांनीं दुसरे चार पाहिले व ते गप्प झाले. मीं सर्व कबूल केलें. ते एवढेंच म्हणाले, "मला विचारावयाचें होतेंस." त्यांनीं मला मारलें असतें तरी चाललें असतें, असें त्या वेळीं वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं मला जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा व दौत आणावयास सांगितलें. पुठ्ठ्याची पट्टी कापून तिला आंतून काळी शाई फांसली, तिची आंखूड नळी वळविली आणि ती भिंगाच्या तोंडावर बसविली. "उन्हांत लांबचें पाहावयाचें झालें, म्हणजे आपण कपाळावर हात धरतों कीं नाहीं? याला हात नाहीं. तो आपण द्यावयाचा."

त्या नळीसह मीं वर्गाचा फोटो पुन्हां घेतला; या वेळीं ऊन बाजूस ठेवून. आणि काय आश्चर्य! ओरखडलेल्या त्या भिंगानें पन्नास मुलांचे चेहरे असे काढले, कीं प्रत्येकाचें नांव सांगतां यावें. एकही ओरखडा चित्रांत उमटला नव्हता. याचें कारण असें, कीं चित्राचा प्रत्येक बिंदु सबंध भिंगांतून आलेल्या प्रकाशानें बनतो. एखाद्या ओरखड्याची रेघ त्यांत दिसत नाहीं. ओरखडे फक्त आडवा आलेला प्रकाश विखुरतात. तो अडविला, कीं त्यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. अशा रीतीनें एकाच भिंगानें मला दोनदां खोटें पाडलें: एकदां मीं त्याला डागाळलेलें म्हणून हिणविलें तेव्हां, आणि दुसऱ्यांदा मीं त्याला बाद झालेलें समजून रडलों तेव्हां.

पालकांस व विद्यार्थ्यांस माझी एक विनंति आहे. घरच्या माळ्यावर जुना कॅमेरा असेल, तर तो भंगारवाल्यास देण्यापूर्वीं अथवा घांसण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्या. भिंतीवर वर्तमानपत्राचें पान सपाट चिकटवा, कॅमेरा टेबलावर घट्ट बसवा, भिंगाचें तोंड एकदां पूर्ण उघडून व एकदां लहान करून फोटो घ्या, आणि पानाच्या मध्याचीं व कोपऱ्यांचीं अक्षरें वाचून पाहा. तेलाच्या तवंगासारखी सारखी पसरलेली झांक असेल, तर तिला हात लावूं नका. मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतु दिसले, तर ती बुरशी समजा. ती आपल्याकडच्या पावसाळ्यांत वाढते व कांच खाते. तिची मैत्री धरूं नये, जाणकारास दाखवावें. सर्वच डाग मित्र नसतात. कोणता कोण, हें प्रथम पाहावें, एवढेंच.

आजोबा १९९१ सालीं गेले. उंबऱ्यावर बसलेला त्यांचा तो फोटो मोठा करून आम्हीं दिवाणखान्यांत लावला आहे. इतका मोठा करूनही दरवाज्याची कडी स्पष्ट दिसते. त्याच्याशेजारीं, कोणास नको असतांना, मीं वर्गाचा तो धुरकट फोटोही लावला आहे. पाहुणे विचारतात, "हा असा कां हो आला?" कॅमेरा कपाटांतच असतो. मी तो काढतों, पुठ्ठ्याची नळी उतरवितों, भिंग तिरपें धरून त्यांस ओरखडे दाखवितों, आणि मग नळी पुन्हां जागच्या जागीं बसवितों. तिची शाई आतां बरीच उडाली आहे; पण ती आजोबांच्या हातची आहे, म्हणून मीं तिला नवा रंग दिलेला नाहीं.